उजवीकडची धार

पिशवी निघाली, वरचे टाकेही झाले.
नळकांडी राहू द्या पोटात, देवतळे मॅडम म्हणतात,
आधी खाली बघू.

खाली म्हणजे मूत्राशय.
आम्ही पाणी भरतो, तीच दुर्बीण धुऊन-पुसून आत जाते
आणि पडद्यावर उजाडतं:
गुलाबी जमीन, बारीक शिरा,
दोन कोपऱ्यांत दोन तोंडं,
धानाच्या बांधीतल्या खेकड्याच्या बिळांएवढी दिसणारी.
दोन्ही बोलली तर बाई सुटली.

पूर्वी इथं सगळे घड्याळ बघायचे.
पाण्यात पाणी काय दिसणार?
अकरा मिनिटं, कधी सतरा.
सलाइन वाढव, लघवीचं इंजेक्शन दे,
भूलवाले हस्तक सर स्टुलावर गुडघा हलवत.
"दिसली का हो?"
"मले वाटते, दिसली."
वाटते.
बाहेर दुसरी बाई कालपासून उपाशी,
जनरेटरचं डिझेल मोजून आणलेलं,
आणि रजिस्टरमध्ये 'वाटते'साठी रकाना नव्हता.

एकदा वाटलं, म्हणून लिहिलं.
नवव्या दिवशी ती टेम्पोतून परत आली, कमरेवर हात दाबून.
तिच्या गावाचं नाव मी अजून घेत नाही.

म्हणून ही गोळी.
सकाळी सहाला, दोन घोट पाण्यासोबत.
मी स्वतः देते आणि वहीत खूण करते.
तिसरा घोट मागितला तरी नाही.

आज टेबलावर गुंफा कोहाडे.
धान चुरून झाल्याबिगर येत नाही, म्हणाली होती.
केसांत अजून तणसाची एक काडी.

पडदा. पाणी.
डावीकडून लगेच, केशरी, फुर्रकन.
पळसाची फुलं रात्रभर भिजवावी
आणि सकाळी गंजात पाणी उतरावं, तसला रंग,
तोही मार्गशीर्षात.
उजवीकडचं तोंड गप्प.

एक मिनिट. दोन.
नुसतं पाणी असतं तर आम्ही 'वाटते' म्हटलं असतं.
रंग असला की
नसणंही दिसतं.
चौथ्या मिनिटाला मॅडम स्वतःशीच म्हणाल्या,
कोपऱ्यातला टाका.
पुन्हा वर, पोटात.
धमनीच्या पुलाखालून जाणारी ती नळी
टाक्यानं ओढून मुडपलेली,
वाहत्या पाटात कुणी पाय रोवून उभं राहावं तशी.
कात्री.
पुन्हा खाली.
हस्तक सरांचा गुडघा थांबलेला.
श्रावण दिव्याचं हँडल धरून, हात अवघडला तरी तसाच.

आधी एक धागा.
मग धार.
मग लाजल्यासारखी जरा थांबून
आणखी एक.

दहा बावन्न, मी लिहिलं. दोन्ही दिसल्या.
पुढच्या बाईला हाक मारा, मॅडम म्हणाल्या,
आणि भिंतीकडे तोंड करून पाणी प्यायल्या.

एवढं सगळं करून एक गोष्ट मी विसरले.
पहाटे वॉर्डातून ओरड,
"सिस्टर, माहा जीव चालला जी!"
पलंगाला टांगलेली लघवीची पिशवी, केशरी, काठोकाठ.
शेजारच्या दोघी देवाचं नाव घेत बसलेल्या.
मी उलट्या चपलांनी धावत गेले.
गुंफाबाई, रक्त नव्हे ते, गोळीचा रंग आहे,
तुम्हाला सांगायचंच राहिलं.
(आता वहीत तोही रकाना आहे.)

तिनं पिशवी हातानं उजेडाकडे वळवली,
बराच वेळ पाहिली,
दर होळीला गावाचा रंग गाळणाऱ्या बाईच्या डोळ्यांनी.
"लुगड्याले लागला तं निंगते का?"
निघत नाही, म्हटलं.
"मंग आमच्याहून पक्का हाये," म्हणाली
आणि नळी सांभाळत
उजव्या कुशीवर वळली.